भट्टीवरचं नाक

साविन हुत्सानुला देवानं उंची दिली नाही, केस दिले ते तिशीतच परत नेले, लेकरू दिलं नाही, आणि बायको दिली ती झांफिरा. पण नाक मात्र असं दिलं की बाकीची सगळी कंजुषी माफ. दिसायला काही सुबक नव्हतं ते. पिचलेल्या वांग्यासारखं रुंद, वर डाव्या अंगाला कललेलं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातून आधी नाक आत गेलं आणि मागाहून नवरा, असं गावच्या बाया अजून सांगतात.

त्या नाकाचं काम भट्टीवर. वरली आळी आणि खालची आळी जिथं मिळतात तिथं, ओढ्याच्या काठाला, गावाची सामाईक दारूची भट्टी आहे. तांब्याचा मोठा हंडा, त्यावर झाकण, झाकणातून निघालेली नळी गार पाण्याच्या पिंपात वेटोळी खाऊन खाली तोटीला येते. आलुबुखार उतरले, आंबले, की सगळं गाव आपापली पिंपं गाडीवर घालून तिथं रांग लावतं. जाळ कुणीही घालतो. पण तोटीतून आधी येते ती जहाल धार, डोळे घालवणारी. ती वेगळ्या बाटलीत, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळायला. मग येते ती पिण्याची. शेवटी ओशट, आंबूस पाणचट. ते पुन्हा हंड्यात. एक कुठं सरली आणि दुसरी कुठं लागली हे डोळ्याला कळत नाही. तोटीखाली पळी धरायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं. घाईनं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गावाची डोकी फुटायला आलेली. उशिरा सांगितलं तर चांगली दारू म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर खर्ची पडली.

हे काम साविनला त्याच्या बापानं, इरिमियानं, शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पोराच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं, पळी नाकाखाली धरायची, आणि चुकला की तीच पळी कानशिलात हाणायची. पोराचे कान कायम सुजलेले असत, पण मिसरूड फुटेपर्यंत नाक असं तयार झालं की पडलेल्या फळाची दारू आणि झाडावरून झाडलेल्या फळाची दारू तो दारातूनच ओळखी. बाप गेला तेव्हा गावानं बैठकसुद्धा घेतली नाही. साविन जाऊन भट्टीपाशी बापाच्या ओंडक्यावर बसला, झालं. हंगामात लोक टोपी काढून त्याच्यापुढं मान लववत. हंगाम सरला की तो पुन्हा खालच्या आळीतला एक टकला, बुटका माणूस.

एकच जण या सगळ्यावर जळायचा. वरल्या आळीचा नेस्तोर बुझोर. एकेकाळी भट्टी त्याच्या आजोबाकडे होती. म्हातारं झिंगून तोटीखालीच झोपलं आणि पाच माणसं आंधळी होता होता वाचली, म्हणून गावानं ती हुत्सानुंकडे दिली. नेस्तोर हसरा, उंच, बोलण्यात तरबेज. त्याच्या हसण्यात कधी विष दिसलं नाही, म्हणून ते लोकांना चालायचं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दोन्ही आळ्या ओढ्यावर उतरून एकमेकांना झोडपतात. मेंढीच्या कातड्याचे मुखवटे, त्यांना घेवड्याच्या दाण्यांचे दात, बोकडाची शिंगं, आणि हातात निब्बर लाकडाचे सोटे. येणारं वर्ष भलं जावं म्हणून, असं पाद्रीबाबा चडफडत सांगतात. झोडपणाऱ्यांना कारण लागत नाही. कुणी कुणाला हाणलं हे मात्र बोलायचं नाही. बोलला तर त्याचीच आळी त्याच्यावर थुंकते.

पण गाव अगदीच रानटी नाही. ज्याला खरोखर इजा झाली त्याला समोरच्या आळीनं 'उसनं अंग' द्यायचं. म्हणजे तो बरा होईस्तोवर समोरच्या आळीतला एक धडधाकट गडी त्याची सगळी कामं करणार. लाकूड, गुरं, नांगर, जे असेल ते. जखमी माणसानं खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं. कामाला बोट लावायचं नाही. पूर्वी इजा खरी का खोटी हे रक्त आणि हाड बघून ठरे. अलीकडं गाव सुधारलं आहे. आता इस्पितळाचा फोटो लागतो.

त्या वर्षी साविनला सोटा बसला तो डाव्या कानाच्या वर. मुखवटा जाड होता, कातडी फुटली नाही, रक्ताचा थेंब नाही. तो पडलासुद्धा नाही, आणि पुढं हेच त्याला भोवलं. सोटा मारणाऱ्याचे बूट तेवढे त्यानं पाहिले. एका बुटाला काळी नाडी, एकाला लाल. असे बूट घालून सबंध हिवाळा कोण हिंडतो हे दोन्ही आळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायचं नाही म्हणजे नाही.

तो आपल्या पायांनी चालत निघाला आणि शेजाऱ्याच्या घरात शिरला. मुखवटा खुंटीला अडकवला, टेबलाशी बसला आणि शेजारणीला म्हणाला, "झांफिरे, घाटा वाढ."

शेजारीण आधी हसली. मग तो तिच्याच ताटलीत ओकला तेव्हा हसायची थांबली. झांफिराला बोलावणं गेलं. ती आली, तिनं नवऱ्याला कॉलरला धरून उभा केला.

"लाज न्हाई वाटत? दुसऱ्याच्या घरात जाऊन जेवाय मागतोस?"

"आपलंच घर हाय की."

"आपलंच! भिंतीवर बघ, ह्या बाईच्या आईचा फोटो हाय. माझी आय एवढी देखणी हुती का?"

ही गोष्ट गावाला आठवडाभर पुरली.

सकाळी त्यानं बूट उलटसुलट पायांत घातले तेव्हा झांफिराला जरा शंका आली. तिनं त्याला गावच्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स आग्लाया वरल्या आळीची, पण औषध देताना आळी बघत नसे. तिनं त्याला महिना कोणता विचारला. त्यानं आलुबुखारांचा हंगाम सांगितला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. तिनं त्याला तालुक्याच्या इस्पितळात धाडलं.

तिथं बोळ भरून माणसं. फटाक्यानं भाजलेली, दारूनं पडलेली, आणि आमच्या गावची चार. डॉक्टर पोरगेला होता, डोळे तांबारलेले.

"काय झालं?"

"बर्फावरनं घसरलो."

"तुमचं सगळं गाव एकाच दिवशी घसरतं वाटतं?"

"उतार हाय तिकडं."

त्याला सीटी स्कॅनच्या चाकात घातला, बाहेर काढला. डॉक्टरनं पडद्यावर पाहिलं. "स्वच्छ आहे. रक्तस्राव नाही, हाड शाबूत. हलका मार म्हणतात याला. आराम करा, दारू पिऊ नका."

"हलका?" साविननं विचारलं. त्याच्या डोक्यात तेव्हा लोहार बसला होता.

"हलकाच. पुढचा पेशंट!"

फोटो बगलेत मारून तो घरी आला. डोकं ठणकत होतं, बर्फावरचा उजेड डोळ्यांत सुया टोचत होता. चार दिवसांनी ठणका जरा उतरला, तेव्हा झांफिरानं त्याला लोणच्याच्या कोबीचं पिंप उघडायला तळघरात धाडलं. त्या पिंपाचं झाकण काढलं की वरच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. साविननं झाकण काढलं. काही नाही. वाकून डोकं आत घातलं. तरी काही नाही. पाण्यानं भरलेलं पिंप असावं तसं.

तो वर आला. मग गोठ्यात गेला. शेणात बोट घातलं, नाकाशी नेलं. ट्रॅक्टरच्या डिझेलचा डबा उघडला. लसूण ठेचला. स्वतःचे मोजे काढून हुंगले, जे करायला गावात कुणी धजावलं नसतं. शेवटी फडताळातली जहाल धारेची बाटली काढली. नाकपुडीच्या आत झोंबलं, डोळे चुरचुरले. पण वास? वास कुठंच नव्हता. डोक्याच्या आतली ती खोलीच कुणीतरी भिंत घालून बुजवली होती.

त्यानं बाटली जागेवर ठेवली आणि ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. ठणक्याचं सांगावं, घेरीचं सांगावं. नाकाचं नाही. नाक गेलं हे कळलं की भट्टी गेली, आणि भट्टी गेली की साविन हुत्सानु म्हणून जो काही होता तो गेला. हंगाम लांब होता. तोवर येईल परत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सर्दीत नाही का जात, आणि येत.

हिवाळा सरत आला, तरी वाकलं की घेरी येई आणि कुऱ्हाड उचलली की डोळ्यांपुढं काजवे चमकत. तेव्हा त्यानं गुत्त्यात जाऊन रीतसर उसनं अंग मागितलं. रीतीभातीचा निवाडा म्हातारा हार्लांपिये करी; त्याला दात नव्हते, पण त्याचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. त्यानं फोटो घेऊन खिडकीच्या काचेवर धरला. दोन्ही आळ्या पेले घेऊन गोळा झाल्या.

"ह्यात बघायचं काय?" हार्लांपियेनं विचारलं.

"मधोमध चिरलेला कोबी दिसतूय," नेस्तोर म्हणाला. "कोबीत एखादी अळी तरी घावली असती. ह्येच्यात ती बी न्हाई."

"आग्लाया, तू वाच गं बाई."

आग्लायानं फोटोच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. "रक्तस्राव न्हाई. हाड मोडल्यालं न्हाई. मेंदू वयाप्रमाणं."

"वयाप्रमाणं म्हंजी?"

"म्हंजी हाय."

"हाय का?" नेस्तोर ओरडला. "अरं बघा की, साविनला मेंदू हाय! उगंच फोटो काढला म्हणता? लग्नापासनं बिचाऱ्या वहिनीला शंका हुती."

गुत्ता डोलायला लागला. साविन म्हणाला, "म्हाताऱ्या, मला दिसत न्हाई नीट. वाकलं की पडतूय."

"पडतूस ते आमास्नी बी दिसतंय," हार्लांपिये म्हणाला. "पण फोटो साफ हाय. फोटो खोटं बोलत न्हाई. जा घरी, लाकडं फोड."

त्या दिवसापासून त्याचं नाव कोबी पडलं. कुंपणाच्या खांबावर रोज एक कोबीचा गड्डा बसलेला असे, कधी टोपी घातलेला, कधी फडकं बांधलेला. तो काढायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. झांफिरा ते गड्डे चिरून सूप करायची. फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला?

वसंतात नांगरणीला तो घोड्यामागं गेला आणि दुसऱ्याच सरीत तोंडावर पडला. झांफिरा बांधावर उभी होती.

"ऊठ. फोटो साफ हाय तुझा."

तो उठला. पुन्हा पडला.

"ऊठ म्हंते ना! घोडं बी हसाय लागलंय."

घरात भांडं आपटलं की त्याला कवटीत खिळा ठोकल्यागत होई. झांफिराला हे कळायला उशीर लागला नाही. मग ती रागावली की तोंडानं बोलायची तसदी घेत नसे. एक झाकण उचलायची आणि दुसऱ्यावर सोडायची. तो दोन्ही हातांनी डोकं धरून अंगणात जाई. एवढ्यावर त्यांचं भांडण भागायला लागलं.

आग्लायाला मात्र त्याचा कंटाळा आला. येऊन बाकावर बसायचा, डोकं दुखतं म्हणायचा, जायचा. शेवटी तिनं त्याला याश शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. "दुसऱ्या तऱ्हेचा फोटो असतो, एमआरआय म्हंत्यात. त्यो बारीक बघतूय. पण रांग लांब हाय." रांग एवढी लांब होती की त्याची पाळी आली तेव्हा झाडावरचे आलुबुखार उतरून पिंपांत आंबले होते.

नाक आलं नव्हतं. अधूनमधून भास व्हायचा, काहीतरी जळतंय असा. तो धावत चुलीकडे जायचा, चूल गार.

त्या यंत्रात त्याला आडवा घातला. तालुक्याचं चाक गप्प होतं. ह्यात जणू सगळं गाव पत्र्यावर सोटे आपटत होतं. तो डोळे मिटून पडून राहिला. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईनं त्याला समोर बसवलं. वयस्कर, सावकाश बोलणारी.

"पहिली तपासणी हाड बघते आणि ताजं रक्त बघते. ते काही नव्हतं, म्हणून त्यांनी सोडलं तुम्हाला. त्यांचं चुकलं असं नाही. पण सोटा—म्हणजे बर्फ—कानावर बसला तरी आतला मेंदू पुढं जाऊन कपाळाच्या तळाशी घासतो. इथं बघा." तिनं फोटोवर रंगीत खडूनं गोल काढला. "हा जुना खरचटल्याचा डाग. आणि नाकातून वर येणाऱ्या वासाच्या तारा इथं पोचतात. बारीक केसासारख्या. त्या तुटल्यात. तुम्हाला वास येतो का?"

मार लागल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं. "न्हाई," साविन म्हणाला.

"कधीपासून?"

"तवापासनं."

"इतक्या महिन्यांत आला नाही म्हणजे..." तिनं खडू खाली ठेवला. "आता येईल असं मी सांगणार नाही. शेगडी जपून वापरा. शिळंपाकं खाऊ नका, बिघडलेलं तुम्हाला कळणार नाही."

साविन हसायला लागला. खांदे हलवून, डोळे पुसत हसला.

"काय झालं?"

"म्हंजी खरंच लागलंय मला? फोटोत हाय?"

"आहे की. हा काय."

"बाई, तुमचे हात सोन्याचे!" आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरून हलवले. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिली. नाक कायमचं गेलं म्हणून सांगावं आणि माणसानं हात हलवावेत, असं तिच्या नोकरीत झालं नव्हतं.

बसमध्ये बसण्याआधी त्यानं फोटोच्या पाकिटातला कागद काढला. त्यावर वासाचं लिहिलेलं होतं, सबंध तीन ओळी. तो कागद त्यानं चिंध्या करून कचऱ्यात टाकला आणि नुसता फोटो ठेवला. फोटो मुका असतो, असा त्याचा हिशेब. गोल दिसेल, डाग दिसेल, इजा खरी ठरेल. आळीचा गडी येईल, लाकूड फोडेल, पुढच्या वसंतात नांगर धरेल. आणि भट्टीवर तो स्वतः बसेल. एवढ्या वर्षांचा हात होता. धारेचे बुडबुडे बघून, जाळ बघून, अंदाजानं सांगता येईल, असं त्यानं सबंध उन्हाळा मनात घोळवलं होतं. येईल का? हे मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही.

गुत्त्यात तो छाती काढून शिरला.

"म्हाताऱ्या, घे. ह्यो खरा फोटो. ह्येच्यात लागलंय."

हार्लांपियेनं फोटो काचेवर धरला, आणि गुत्ता एकदम ओरडला. पहिला फोटो वरून काढलेला होता, म्हणून कोबी. हा बाजूनं काढलेला. काळ्या काचेवर साविनचं टक्कल, कपाळ आणि खाली ते अवाढव्य नाक, आरशात बघावं इतकं लख्ख.

"ह्यो साविनच!" नेस्तोर म्हणाला. "ह्यो दुसऱ्या कुणाचा बी असू शकत न्हाई. नाक कागदात मावंना झालंय."

"गोल कशाचा?" हार्लांपियेनं विचारलं.

"डाग हाय त्यो. मार लागल्याला. डॉक्टरीणबाईनं सोता काढला," साविन म्हणाला.

"कानावर मार आन डाग नाकाच्या वर?"

सगळ्यांनी आग्लायाकडे पाहिलं. ती फोटोजवळ गेली, गोलावर बोट ठेवलं, मग साविनकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. "नको," असं तो ओठातल्या ओठात म्हणाला. पण ती नर्स होती, आणि तिला विचारलं होतं.

"हितं वास असतूय," ती म्हणाली.

नेस्तोरनं पेला खाली ठेवला. हसू त्याच्या तोंडावर हळूहळू पसरलं. "बादे साविन," तो म्हणाला. बादे म्हणजे थोरला भाऊ. आजवर त्यानं साविनला असं कधी म्हटलं नव्हतं. "बादे, फडकं आण. तुझ्या बापावाणी परीक्षा घिऊ."

"मी परीक्षा देत न्हाई."

"मग येत न्हाई म्हण."

"येतूय मला वास."

"मग भ्यायचं कशापायी?"

त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून फडकं बांधलं. पहिल्यांदा नाकाखाली काहीतरी आलं, गारवा लागला, त्यावरून त्यानं ओळखलं, "चीज." कुणीतरी म्हणालं, "आरं, बरुबर!" साविनला धीर आला. दुसऱ्यांदा काही गार नाही, काही ऊन नाही. त्यानं लोकांकडे कान लावला. सगळे श्वास धरून बसले होते. म्हणजे काहीतरी मजेचं असणार.

"दारू," तो म्हणाला. "मधल्या धारेची. चांगली हाय."

छप्पर उडेल असा हशा झाला. नाकाखाली लाकडाच्या ढलपीवर बकरीचं ओलं लेंडूक होतं.

"चांगली हाय!" नेस्तोरला बोलवेना. "घे की एक घोट, बादे!"

दारात झांफिरा उभी होती. हशा ऐकून आली होती. "कशाला दमताय?" ती म्हणाली. "मला इस्टरपासनं ठावं हाय."

साविननं फडकं वर सारलं.

"कोकराचं सूप नासलं हुतं. वतून द्यावं म्हणून भांडं बाजूला काढलं, तर ह्यो बसला आन खाल्लं की! वर आणीक मागितलं. तवाच समजले मी."

"मग तवापासनं?" कुणीतरी विचारलं.

"तवापासनं काय? जे बिघडंल ते ह्येला. चांगलं डुकराला."

"डुकराला?"

"मग! ख्रिसमसला डुक्कर कापायचं हाय. त्येला नासकं घालून कसं चालंल?"

या वेळी हार्लांपियेसुद्धा हसला. दात नसलेलं तोंड उघडलं की आत काळोख दिसे.

"तू मला बोलली न्हाईस," साविन म्हणाला.

"तू मला बोललास?"

हशा ओसरल्यावर हार्लांपियेनं टेबलावर हात आपटला. "पुरं. साविननं उसनं अंग मागितलंय. फोटो खरा, इजा खरी. त्येचं म्हणणं पयल्यापासनं खरं हुतं, आपण गाढवं. वरल्या आळीनं अंग द्यावं."

क्षणभर साविनचं तोंड उजळलं. "लाकडं फोडाय माणूस पाठवा. आन वसंतात नांगर."

"सगळी कामं," हार्लांपिये म्हणाला. "रीत अर्धी नसतीया. उद्यापासनं भट्टी लागतीया. भट्टी तुझं काम न्हवं का?"

"भट्टीचं मी बघतू."

"बोट लावायचं न्हाई. खुर्ची टाकायची आन बसायचं."

"मग मला नको उसनं अंग. मी मागं घेतू."

"दोनदा मागितलंस. ह्याच खिडकीपाशी, सगळ्यांम्होरं. बायकोकडं कुरकुर केली असतीस तर मागं घेता आली असती. ही रीत हाय."

"किती दीस?"

"बरा हुईस्तोवर."

पुन्हा सगळ्यांनी आग्लायाकडे पाहिलं. तिनं फोटो काचेवरून काढला, गुंडाळला आणि साविनच्या मांडीवर ठेवला. "ह्यो बरा व्हायचा न्हाई," ती म्हणाली, आणि दार ढकलून बाहेर पडली.

"कोण देतूय अंग?" हार्लांपियेनं वरल्या आळीकडे पाहिलं. विचारायची गरज नव्हती. लाल नाडी आणि काळी नाडी पुढं आली.

आता हंगाम चालू आहे. भट्टीवर नेस्तोर बसतो. नाक त्याचंही बरं आहे. साविनइतकं नाही, पण गावाची डोकी फुटत नाहीत आणि गुडघ्यांवर फार वाया जात नाही. इतके दिवस एकाच नाकावर का अडून बसलो होतो, असं लोक आता म्हणतात. तोटीशेजारी खुर्ची टाकलेली असते, तिच्यावर चांगली घोंगडी, आणि तिच्यावर साविन. घरी बसायला त्याला कुणाची आडकाठी नाही. झांफिरा तेच म्हणते, घरी बस, निदान कोंबड्या हाकल. पण तो पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन बसतो, हात मांडीवर, कशालाही बोट न लावता.

त्याला तिथं बसू देण्याचं भाडं म्हणून नेस्तोरनं एक खेळ लावला आहे. पिंप चढलं, जाळ लागला, तोटी ठिबकायला लागली की तो पळी भरतो आणि वाकून, अदबीनं, साविनच्या नाकाखाली धरतो.

"बादे, तूच सांग. काढू का ही बाजूला?"

रांगेतली माणसं जवळ सरकतात. बाया लेकरांना उचलून दाखवतात. पहिल्या दिवशी साविन बोलला नाही, तर नेस्तोर म्हणाला, "ज्येला सांगायचं न्हाई, त्येचं हितं काय काम?" म्हणून आता तो सांगतो. डोळे मिटतो, बापानं शिकवला होता तसा श्वास आत ओढतो, मान जरा डावीकडे कलती करतो.

"आजून थोडं," तो म्हणतो.

लोक हसून हसून एकमेकांच्या खांद्यावर पडतात. नेस्तोरनं बाटली मघाशीच बदललेली असते.